तिसरा फोन

रामदासपेठेत एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या वर माझं ऑफिस होतं आणि अजून आहे. लोकांचे कर भरून देणं, हिशोब तपासणं, लहानसहान संस्थांचे अर्ज करून देणं हे माझं काम. मी वकील नाही, पण खेड्यातले अशील मला पहिल्यापासून वकीलसाहेब म्हणत आले आणि मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. आता पंचाहत्तरी उलटली. नवीन काम घेत नाही. जुनी माणसं सोडत नाहीत, म्हणून जातो.

मला त्यांतल्या एका माणसाबद्दल लिहायचं आहे. नरखेड तालुक्यातल्या एका गावात त्याची संत्र्याची बाग आहे. गावातल्या संस्थेच्या वहीत त्याच्या नावावर एक निष्काळजीपणा लिहिला गेला. तो त्याचा नव्हता. गावात जाऊन मी हे सांगून आलो आहे. पण नागपुरात, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना आणि ऑफिसात बसणाऱ्या अशिलांना, मी हीच हकीकत उलटी सांगितली होती, आणि तीही रंगवून. त्यांच्यापर्यंत खरी अजून पोचलेली नाही. म्हणून हे लिहितो.

त्याआधी आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कागद वेळेवर कोणी देत नाही. डॉक्टर देत नाहीत, शेतकरी देत नाहीत, कापडवाले तर मुळीच देत नाहीत. आमचं निम्मं आयुष्य आठवण करून देण्यात जातं. पूर्वी मी पोस्टकार्डं टाकायचो. मग फोन आले, आणि फोनची एक पद्धत आपोआप पडत गेली. पहिला फोन खुशालीचा. संत्र्याचा आंबिया बहर कसा आहे, पोरीचं जमलं का, मोटर जळाली होती ती भरून आली का, आणि ठेवता ठेवता, ‘तेवढे कागद पाहून ठेवा.’ दुसऱ्या फोनला कागदाचं नाव आधी निघायचं आणि तिकडून उत्तर यायचं, ‘पाठवूनच राहिलो.’ हे दोन फोन कोणी हिशोबात धरत नसे. मीही धरत नसे. तिसरा फोन खरा. तिसऱ्या फोनला मी खवळायचो.

या बागवाल्याशी माझा तिसरा फोन साधारण असा व्हायचा.

“काहून गा, जिवंत आहे का मेला?”

“जिवंत आहो ना, वकीलसाहेब.”

“मंग कागद कोण आणून देईन? तुझा सासरा?”

“सासरा तं मागच्या सालीच गेला.”

“तं जा त्याच्याच मागं. उद्या दुपारपर्यंत कागद टेबलावर नाही दिसला तं फाइल खाली रस्त्यावर फेकतो तुझी. मंग बस येचत.”

“हौ, हौ. आलेच समजा.”

आणि खरंच यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो स्वतः उतरायचा. साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत वर संत्री, तळाशी कागद. चहा प्यायचा, माझ्या बोलण्याची नक्कल करून दाखवायचा आणि जायचा. राग त्याला कधी आला नाही, कारण तो राग नव्हताच. मुदत खरोखर जवळ आली आहे, हे कळवण्याचा तो आमचा मार्ग होता. एकदा एका कापूसवाल्याने दुसऱ्या फोननंतरच कागद आणून दिले, तेव्हा मी त्याला विचारलं होतं, घरी सगळं बरं आहे ना?

हा बागवाला आणि मी शाळेत एका बाकावर होतो. माझं गावही तिकडचंच. तो दहावीनंतर बागेत गेला, मी नागपूरला आलो. मी ऑफिस उघडल्यावर त्याने मला तू म्हणणं सोडलं. मी त्याला म्हणत राहिलो.

त्याच्या बागेला लागून एक टिनाची लांब शेड आहे. पूर्वी तिथे संत्र्यांच्या पेट्या भरल्या जायच्या. व्यापारी फळ झाडावर असतानाच अख्खी बाग विकत घेऊ लागले तशी शेड रिकामी पडली, आणि त्याने तिथे गावातल्या मुलांसाठी अभ्यासिका काढली. पोलीस भरतीची, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं तिथे बसत. मग रीतसर संस्था नोंदवली, तीही माझ्याच हातून. अध्यक्ष दर काही वर्षांनी बदलायचे. सचिव हाच. गावात त्याला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सगळे सचिवच म्हणायचे. त्याची बायकोही. मी घरी गेलो की ती आतून सांगायची, “बसा भाऊजी, सचिव आंघोळीले गेले.” दहावी शिकलेल्या माणसाला आयुष्यात मिळालेलं ते एकच पद होतं आणि ते त्याला आवडत होतं, हे लपवण्याची तो तसदी घेत नसे.

आता माझ्याबद्दल.

चारपाच वर्षांपूर्वी माझा उजवा कान गेला. डावा त्याच्या मागोमाग निघाला. समोरासमोर बसलेल्या माणसाचं मला कळायचं, थोडं ओठांवरून, थोडं सवयीने. फोनवर कळेना. खेड्यातून फोन आला की मागे मोटरसायकल, मागे पंप, मागे बायकांचं बोलणं, आणि त्यातून माणसाचा आवाज वेगळा काढता येईना. उन्हाळ्यात मी सांगायचो, कूलर चालू आहे, ऐकू येत नाही. नागपुरात हे कोणालाही पटतं. थंडीत कूलर नसतो, तेव्हा रेंजला दोष द्यायचो. पुढे पुढे फोन वाजला की उचलायचोच नाही. घरात कोणाला सांगितलं नाही. कानात मशीन घातलेला सल्लागार म्हणजे संपलेला सल्लागार, असं मला वाटायचं. माझ्याहून लहान माणसांची कामं मशीन दिसल्यावर दुसरीकडे गेलेली मी पाहिली होती, आणि त्यांतली काही माझ्याकडे आली होती.

माझी मुलगी मनीषनगरला राहते, बँकेत आहे. एका रविवारी ती जेवायला आली असताना मी कोणाशी तरी फोनवर बोललो. बोललो म्हणजे ओरडलो, कारण मला माझाही आवाज पुरेसा येत नव्हता. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही फोनवर बोलत नाही, भांडता. बीपी वाढेल अशानं.”

“कागद देत नाहीत तर काय आरती ओवाळू?”

“तेवढ्यासाठी ओरडायची काही गरज नाही. एआयला सांगा ना. तो लिहून देतो. तुम्ही फक्त पाठवायचं.”

तिने माझ्या फोनमध्ये ते घालून दिलं. अशिलाचं काम काय, कोणता कागद राहिला, मुदत कधी, एवढं मी मराठीत बोललो की ते लिहून द्यायचं. पहिला नमुना मला अजून आठवतो. ‘सप्रेम नमस्कार. आपल्या व्यस्त दिनक्रमाची आम्हाला जाणीव आहे. आपल्या सोयीने खालील कागदपत्रे उपलब्ध करून दिल्यास आपले काम वेळेत पूर्ण करणे आम्हाला शक्य होईल. आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.’ मी तो दोनदा वाचला. इतक्या वर्षांत मी कोणा अशिलाचे मनःपूर्वक आभार मानले नव्हते.

“अजून कडक हवं तर तसं सांगा, तसंही लिहितो,” मुलगी म्हणाली.

“नको. असंच चांगलं आहे.”

चांगलं होतंच. शहरातल्या अशिलांचे कागद लवकर येऊ लागले. खालच्या दवाखान्यातले डोळ्यांचे डॉक्टर जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “काय साहेब, एकदम सभ्य झालात तुम्ही. आमची मिसेस म्हणते, या माणसाला पहिल्यांदा वाचावंसं वाटलं.” त्यांचे कागद त्याच दिवशी वर आले. मी सभ्य झालो नव्हतो, मला फोन करावा लागत नव्हता एवढंच. पण ते कोणाला कळायचं कारण नव्हतं, आणि मी खूश होतो.

एक गोष्ट मात्र तेव्हाच माझ्या ध्यानात आली होती. मुदत जवळ आली की ते यंत्र संदेश लिहून झाल्यावर खाली, वेगळी, माझ्यासाठी एक ओळ लिहायचं. शब्द थोडे बदलायचे, अर्थ तोच: मुदत जवळ आली असल्याने आणि पूर्वीच्या संदेशांना स्पष्ट उत्तर आलेले नसल्याने अशिलाशी प्रत्यक्ष फोनवर बोलणे योग्य ठरेल. मी ती ओळ वगळून वरचा मजकूर पाठवायचो.

आता ते घर.

त्या गावातलं एक कुटुंब बरीच वर्षं नागपुरात स्थायिक आहे. त्यांचं गावातलं घर रिकामं होतं. दोन खोल्या, पक्कं छत, आत नळ, मागे संडास. अभ्यासिकेत मुली फारशा येत नसत, कारण शेडपाशी संडास नव्हता. या घरात त्या आल्या असत्या. त्या कुटुंबातल्या मोठ्या मुलाने ते घर आईच्या नावाने संस्थेला द्यायचं ठरवलं. अट एकच. संस्थेची आयकर खात्यातली नोंदणी चालू असली पाहिजे. नोंदणीची मुदत त्याच वर्षी संपत होती आणि नूतनीकरणाचा अर्ज मला करायचा होता. बाकी सगळं माझ्याकडे तयार होतं. एकच कागद हवा होता, सगळ्या विश्वस्तांच्या सह्यांचा ठराव. तो सचिवाने सह्या फिरवून आणायचा.

मी पहिला संदेश पाठवला. सचिवाचं उत्तर आलं, जोडलेले दोन हात. दुसरा पाठवला. पुन्हा हात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबाच्या चित्रावर शुभ सकाळ. तिसरा लिहून घेतला तेव्हा मुदत अगदी तोंडावर होती. खाली ती ओळ होती, प्रत्यक्ष फोनवर बोलणे योग्य ठरेल. मी फोन हातात घेतला होता. त्याचा नंबर काढलाही होता. मग डोळ्यांसमोर आलं, तो बागेत असणार, पंप चालू असणार, मी तीन वेळा ‘काय म्हणतो?’ विचारणार आणि चौथ्यांदा तो विचारणार, कानाले काय झालं. मी संदेश पाठवला. आपल्या सोयीने, मनःपूर्वक आभार. हात आले.

मुदत गेली.

नंतर विलंबाची माफी मागून अर्ज केला आणि काही महिन्यांनी नोंदणी मिळालीही. पण त्या कुटुंबातल्या मुलाला तेवढं थांबायचं नव्हतं. तो ऑफिसात येऊन म्हणाला, “काका, एक कागद ज्यांना वेळेत देता येत नाही त्यांच्या हातात आईचं घर कसं देऊ?” मी माझा फोन त्याच्यासमोर ठेवला. तीनही संदेश दाखवले. तो म्हणाला, तुमचं बरोबर आहे, तुम्ही तर किती नम्रपणे सांगितलंय. घर त्याने एका कृषी केंद्रवाल्याला विकलं. आता तिथे खताची पोती असतात.

गावात सभा लागली. विश्वस्तांनी मला लेखी विचारलं की झालं काय. ते उत्तरही मी यंत्राकडूनच लिहून घेतलं. कोणत्या तारखेला कोणता संदेश पाठवला, त्याला काय प्रतिसाद आला, सगळं ओळीने. ‘कार्यालयाकडून वेळोवेळी विनम्र पाठपुरावा करूनही आवश्यक ठराव प्राप्त होऊ शकला नाही, याचा खेद वाटतो.’ त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. मी जे सांगितलं त्यावरच ते लिहिणार. फोनबद्दल मी काही सांगितलं नव्हतं.

ते पत्र सभेत कोणी वाचलं, हे मला नंतर कळलं. पत्रं वाचून दाखवणं सचिवाचं काम असतं. त्याने ते उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. मग सभेने लिहिलं की सचिवांच्या निष्काळजीपणामुळे गावाचं नुकसान झालं, आणि ते लिहून झाल्यावर त्याने राजीनामा दिला. जागा रिकामी म्हणून शाळेतल्या एका मास्तरांना सचिव केलं.

सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना मी हा किस्सा सांगत असे. खेड्यातल्या लोकांना हात जोडून सांगा, ते हातच जोडतात, कागद देत नाहीत, असा शेवट करायचो. हशा पिकायचा.

थंडीत तो ऑफिसात आला. पिशवीत संत्री होती, तळाशी काही नव्हतं. समोर बसल्यामुळे मला त्याचं बोलणं कळत होतं.

“तब्येत बरी आहे ना, वकीलसाहेब?”

“आहे. का?”

“नाही, सहज. वाळले वाटता.”

मी चहा सांगितला. तो खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, “एक इचारू? राग नका येऊ देऊ.”

“विचार ना.”

“त्या ठरावाच्या टायमाले तुमी खवळलेच नाही. म्या वाट पाहून राहिलो होतो. कागद तयारच होता जवळपास. एक सही रायली होती, काटोलवाल्याची. म्हटलं वकीलसाहेबाचा फोन आला का मोटरसायकल काढतो न घेऊन येतो. फोनच नाही आला. थे मेसेज येत होते, आपल्या सोयीनं, आपल्या सोयीनं. म्या बायकोले म्हटलं, टाइम आहे अजून, वकीलसाहेब गोड बोलून राहिले.”

चहा आला, मी कप त्याच्यापुढे सरकवला.

“इतक्या सालात असं कधी झालं नाही ना,” तो म्हणाला. “मले वाटलं, माह्याकडून काही चुकलं का काय, म्हणून तुटक बोलून राहिले. का तुमची तब्येत बिघडली. दोनदा मीच लावला फोन, तुमी उचलला नाही.”

ते खरं होतं. उचलला नव्हता.

“आताचं सगळं असंच चालतं गा,” मी म्हणालो. “सगळ्यांनाच मेसेज जातात.”

“हौ, तं बरोबर आहे. तुमी तं सांगतलंच होतं. चूक माहीच.” चहा पिऊन तो उठला. दारात थांबून म्हणाला, “आता मले गावात काय म्हनावं थे कोनाले समजत नाही. पोट्टे येतात, नुसते उभे रायतात. नावानं हाक मारायची सवय नाही ना कोनाले.” आणि हसला.

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, संत्री कशाला आणलीस.

मुलीला कळलं ते मी सांगितलं म्हणून नाही. माझ्या फोनमधली जागा भरली होती, तिने जुनं काढून टाकायला घेतलं आणि ते संदेश तिच्या नजरेस पडले. “बाबा, इथे तर दरवेळी खाली लिहिलंय, फोन करा म्हणून. केला होता ना?”

“केला असेल.”

तिने कॉलची यादी उघडली नाही. माझ्या मागे जाऊन उभी राहिली आणि, मला नंतर तिने सांगितलं, नेहमीच्या आवाजात तीन वेळा बाबा म्हणाली. मी पेपर वाचत होतो. मग ती समोर येऊन बसली. रडली वगैरे नाही. म्हणाली, “उद्या सुट्टी टाकते. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ.” बाकीचं मी तिला गाडीत सांगितलं, मनीषनगरच्या रेल्वे फाटकापाशी अडकलो होतो तेव्हा. ती एवढंच म्हणाली, “मग आता?”

मशीन बसल्यावर पहिले काही दिवस मला ऑफिसातला पंखासुद्धा सहन होत नव्हता. सवय होईपर्यंत मी वेळ काढला. नंतरही काढला. शेवटी संस्थेची वार्षिक सभा आली, त्याची सूचना मला येतेच, आणि मी मास्तरांना कळवलं की मी येतो आहे, मला दोन मिनिटं बोलायचं आहे.

काय बोलायचं ते मी आदल्या दिवशी यंत्राकडून लिहून घेऊन पाहिलं. सवयीने सांगितलं, सौम्य लिही. त्याने लिहिलं, संवादातील त्रुटीमुळे झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगिरी. वाचायला बरं होतं. पण ते वाचून कोणालाही कळलं नसतं की कोणी काय केलं. सौम्य मीच मागितलं होतं. तो कागद मी घरीच ठेवला.

सभा शेडमध्येच होती. गावातली तीसचाळीस माणसं, भिंतीशी अभ्यासाला येणारी मुलं. तो मागच्या बाकावर बसला होता, विश्वस्त म्हणून नाही, शेड त्याची म्हणून. मी उभा राहिलो आणि सांगितलं की मला ऐकू येत नव्हतं, ते मी लपवलं, फोन करायला हवा होता तो केला नाही, यांचे आलेले फोन उचलले नाहीत. तुम्हाला पाठवलेल्या पत्रात हे लिहिलं नव्हतं, ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. यांचा कागद एका सहीवर अडला होता. वहीत निष्काळजीपणा हा शब्द आहे तो यांच्या नावावरून काढा.

मग पुढे बसलेले एक म्हातारे म्हणाले, “थे घर तं गेलं ना आता.”

“गेलं,” मी म्हणालो.

“तं मंग?”

मास्तर म्हणाले, मंजूर झालेलं इतिवृत्त खोडता येत नाही, आजच्या सभेत नवीन नोंद करता येईल. काय लिहू सांगा. मी सांगितलं, ठराव उशिरा मिळाला याचं कारण कर सल्लागाराने फोन केला नाही. मास्तरांनी विचारलं, “एवढंच?” मी म्हणालो, “आणि तो त्याने ऐकू येत नसल्याचं लपवण्यासाठी केला नाही.” त्यांनी लिहिलं. एकाने विचारलं, मग जुन्या सचिवांना परत घ्यायचं का. सगळे मागे वळले. तो म्हणाला, “नको. मास्तर चांगले आहेत. मले आता सह्या फिरवाले गाडी चालवनं होत नाही.” हे खरं नव्हतं, तो त्याच गाडीवर मला स्टँडवर सोडायला आला.

त्याआधी त्याच्या घरी पाणी प्यायला गेलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं, नेहमीसारखं भाऊजी म्हटलं नाही आणि आत गेली. तो अंगणात खाटेवर बसला, माझ्या कानातल्या मशीनकडे पाहत.

“आयकू येते का आता?”

“येतं.”

“सगळं?”

“सगळं.”

“मंग आयक.” मी ऑफिस उघडल्यानंतर त्याने मला पहिल्यांदा असं एकेरी म्हटलं. “काहून गा, तुले लाज नाही वाटली? कान गेला तं गेला. माह्या बैलाचे दोन्ही गेले होते, त्यानं कोनाले पत्र नाही लिहिलं. म्या थे पत्र वाचलं सभेत, पुरं वाचलं, न वाचता वाचता म्हटलं हा मानूस कोन आहे? हा माह्यासंग बाकावर बसलेला नाही. म्या चूक माही म्हनून आलो तुह्या ऑफिसात, संत्री घेऊन, न तू मले चहा पाजून वापस लावला. चहा!”

त्याचा आवाज चढला होता. शेडमधली दोनतीन मुलं कुंपणापाशी येऊन उभी राहिली. तो आणखी बराच वेळ बोलला. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मशीनमध्ये ते फार मोठ्याने येत होतं, पण मी हात कानाशी नेला नाही.

मग तो थांबला, उठला, आतून गाडीची किल्ली घेऊन आला. “चाल. शेवटची एसटी जाईन.”

याला आता वर्ष झालं असेल. अशिलांना पहिले दोन संदेश आजही ते यंत्रच लिहितं, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितं. तिसरा फोन मी करतो. संस्थेचे हिशोब या वर्षीही अडले होते, मास्तरांकडे. दोन संदेश गेले, दोनदा हात आले. मी फोन लावला, पण मास्तर आमच्या रीतीतले नाहीत, वयाने लहान, आणि मला त्यांच्यावर खवळता येईना. ‘पाहून घ्या जरा,’ म्हणून मी ठेवला.

संध्याकाळी बागेतून फोन आला. मागे पंप चालू होता. तरी सगळं कळत होतं.

“मास्तर म्हनून राहिले, तुमचा फोन आला होता. काय म्हटलं त्याईले?”

“म्हटलं, पाहून घ्या.”

“पाहून घ्या? असं म्हनत असते का कोनी? असे कागद येनार आहेत का?” तो परत तुम्ही म्हणू लागला होता. “तुमी राहू द्या. तुमचा आवाज गेला आता. तिसरा फोन मीच करतो त्याईले.”

मी ठेवायच्या आत, पंपाच्या मागून, त्याच्या बायकोचा आवाज आला. “कोनाशी भांडून राहिले, सचिव?”

“थांब वं, कामाचं बोलून राहिलो.”

दुसऱ्या दिवशी मास्तर सकाळच्या एसटीने आले. कागद फाइलमध्ये नीट लावलेले होते. चहा संपवून ते म्हणाले, “सर, ते नेहमी असेच बोलतात का?”

मी म्हणालो, वर्षातून एकदा.